ठणठणीत माणसाचा अर्ज

स्वतःच्या तब्येतीवर माझ्या भाऊजींइतका खूश असलेला माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही, आणि नेमक्या याच गोष्टीने दोन वर्षे माझ्या जिवाला घोर लावला होता. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जिल्ह्यातल्याच गोरेगावजवळच्या एका राईस मिलमध्ये ते मिस्त्री होते. चालत्या मशीनला कान लावून कुठले बेअरिंग कुरकुरते आहे ते नेमके सांगायचे. दोन वर्षांपूर्वी तिथल्याच एका मशीनच्या पट्ट्यात त्यांचा उजवा हात ओढला गेला. हात वाचला, म्हणजे जागेवर राहिला. पण खांद्यातल्या नसा तुटल्या आणि खांद्यापासून बोटांपर्यंत त्यात जीव म्हणून उरला नाही. ते शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी विचारले, "कसं वाटतंय?" नाकात नळी असताना भाऊजी म्हणाले, "बढिया!"

आमच्याकडे "कसं काय?" असे कुणी विचारले की "बढिया" म्हणायचे असते, हे मलाही ठाऊक आहे. पण ते रस्त्यावर, पानठेल्यावर. भाऊजी ते कुठेही म्हणतात. रोज सकाळी ताई तो हात उचलून त्यांच्या पँटच्या खिशात ठेवते आणि मग भाऊजी अशा ऐटीत बाहेर पडतात, की मिस्त्रीचा आता मुकादम झाला, असे अर्ध्या बाजाराला वाटते. एकदा एका भाजीवालीने विचारलेच, "काऊन जी मिस्त्री, हात सदा खिशातच राहते तुमचा? का ठेवलं हाय त्यात?" भाऊजी म्हणाले, "फुटाणे!" आणि डाव्या हाताने वांगी निवडू लागले.

त्यातून सरकारी कचेरीत जायचे म्हणजे त्यांच्या लेखी लग्नालाच जायचे. दिव्यांग प्रमाणपत्राच्या अर्जाला फोटो हवा होता. भाऊजींनी मिशीला कलप लावला, ठेवणीतला सफारी चढवला, कपाळाला टिळा लावला. फोटोग्राफर "हसू नका काका" म्हणत राहिला आणि भाऊजी सगळे दात दाखवत राहिले. तो फोटो पाहून कुणीही विचारले असते, की कोणत्या वॉर्डातून उभे आहात. मी पेशाने शिक्षक आणि स्वभावाने काळजीचे गाठोडे. प्रत्येक कागदाच्या तीन तीन झेरॉक्स काढून मी त्या फोटोकडे बघत बसलो होतो.

खरा घोळ झाला तो खासगी पॉलिसीचा. अपघाताची पॉलिसी भाऊजींनी कधीतरी काढून ठेवली होती. आता काम होत नाही हे सिद्ध झाले, तर तिचा आधार होता. कंपनीचा माणूस चौकशीला न कळवता घरी आला. पाहुणा दारात म्हटल्यावर भाऊजींना कुठले भान राहायला! घरातली बाज त्यांनी डावा हात आणि डोके लावून अंगणात आणली, सतरंजी झटकून अंथरली, हापशीवरून पाण्याची बादली आणली. तो बिचारा मदतीला उठला, तर "बसा जी, पाहुणे तुम्ही!" म्हणून त्याला दटावून बसवले. चहापोहे झाले. जाताना त्याची मोटारसायकल सुरू होईना. भाऊजींनी कान लावला, गाडी गुडघ्याने दाबून धरली आणि एका हाताने प्लग काढून, साफ करून परत बसवला. माणूस उपकार मानत गेला. माणूस इमानदार होता. जे पाहिले तेच त्याने लिहिले. अर्जदार काम करू शकतो, सबब दावा नामंजूर.

मी संतापून गेलो. "कायले केली गाडी दुरुस्त?"

"अरे, पाहुण्याले बंद गाडीवर कसा जाऊ देऊ?" भाऊजींनाच माझे नवल वाटले.

आता सगळे सरकारी मेडिकल बोर्डावर येऊन ठेपले. बोर्डाचे प्रमाणपत्र आणा, मग फेरविचार करू, असे कंपनीने कळवले होते. निराधार योजनेलाही तोच कागद हवा होता. ताई दिवसभर शिलाई मशीनवर वाकलेली असायची. भाची नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि शिकणे सोडायच्या गोष्टी करू लागली होती. बोर्डाच्या दिवशी गोंदियाच्या एसटीत मी भाऊजींची तयारी घेतली.

"आज बढिया म्हणायचं नाही, भाऊजी."

"मंग का म्हणू?"

"आहे तेच. हात उचलत नाही. काम होत नाही."

"काम होत नाही," भाऊजी हळूच म्हणाले आणि कुणी ऐकले तर नाही ना, म्हणून त्यांनी आजूबाजूला पाहिले. पुढच्या सीटवरच्या बाईने ऐकलेच होते. "का होत नाही जी?" तिने वळून विचारले.

"काही नाही बाई. साला मास्तर हाय, बसमध्येबी पाठ घेऊन राहिला."

आमचा नंबर लागला. तरुण डॉक्टरीणबाईंनी कागदावरून मान वर केली. "कसं काय, काका?"

"बढिया!"

मी डोळे मिटून घेतले.

"उजवा हात वर करा."

भाऊजींनी डाव्या हाताने तो खिशातून काढला आणि मांडीवर ठेवला. मग ते त्याच्याकडे बघू लागले. "थांबा मॅडम," ते म्हणाले, "येऊन राहिला."

बाई थांबल्या. मीही थांबलो. भाऊजींच्या मानेच्या शिरा तटतटल्या, कपाळावरून घाम ओघळला, मिशीचा कलप ओठावर उतरला. हात मांडीवर पडून होता. बऱ्याच वेळाने ते अगदी खालच्या आवाजात बाईंना म्हणाले, "काल थोडा आल्ता."

मला हे ठाऊकच नव्हते. ताईने नंतर सांगितले, की रोज पहाटे आंघोळीआधी ते असेच हात मांडीवर घेऊन बसतात. मी ज्याला त्यांची ऐट समजून चिडत होतो, तो त्यांचा भरवसा होता. हात आज ना उद्या येणार, मग आजच लोकांना कशाला सांगत फिरायचे, एवढाच त्यांचा हिशेब होता.

तीन आठवड्यांनी प्रमाणपत्र आले. नेट सेंटरवर छापून निघालेला कागद वाचला आणि माझा जीव भांड्यात पडला. पेढे घेऊन मी धावतच ताईकडे गेलो. ताई रडली. भाऊजींनी चष्मा लावून कागद मोठ्याने वाचायला घेतला आणि ते एका शब्दावर थांबले. 'कायमस्वरूपी.'

"घ्या!" ते म्हणाले. "अठ्ठावीस वर्सं मिलीत रोजीवर काढली, मालकानं कायम केलं नाही. सरकारनं एका दिवसात कायम केलं!"

आम्ही हसलो. तेही हसले. मग हसणे ओसरल्यावर त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. "गुरुजी, कायम म्हणजे कायमच ना?"

पुढे पॉलिसीचा दावा मंजूर झाला, निराधारचे अनुदानही सुरू झाले. भाची शिकते आहे. सगळे माझ्या मनासारखे झाले. पण त्या दिवशी मी "हो, भाऊजी" म्हणालो आणि त्यांनी ताईने पुढे केलेला पेढा घेतला नाही. ज्या शब्दासाठी मी दोन वर्षे कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, तो मीच पेढ्यांसोबत त्यांच्या घरी नेऊन दिला, याचे मला अजून वाईट वाटते.