बादली घेऊन समुद्रावर

समुद्राचं पाणी बाटलीत भरायला मी शिकले ती सोलापुरात, आमच्या मोरीतल्या नळावर. हसा खुशाल!

किनाऱ्याजवळचा समुद्र कोणत्या ऋतूत हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि कोणत्या ऋतूत सोडतो, हा माझ्या प्रबंधाचा विषय. दर महिन्याला रत्नागिरी गाठायची, होडीतून पाणी घ्यायचं आणि सोलापूरच्या प्रयोगशाळेत आणून तपासायचं. बाटलीत हवेचा एक बुडबुडा राहिला, तरी वायूची देवाणघेवाण तिथेच सुरू होते आणि नमुना वाया जातो. म्हणून नळी तळाशी सोडून पाणी भरपूर ओसंडू द्यायचं, मगच बूच लावायचं. हे सगळं मला तोंडपाठ होतं. तरी ऑगस्टमधल्या झाडून सगळ्या बाटल्यांत बुडबुडे निघाले. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "सप्टेंबरची फेरी हुकली तर हा पावसाळा गेला. वर्षभर थांबावं लागेल." मला रडूच फुटलं.

घरी पाणी आलं त्या दिवशी सरावाला बसले. बाटली काठाला आली, की हात आपोआप नळाकडे! चार दिवसांनी एकदा पाणी येतं त्या घरात वाढलेला हात तो, सांडू कसं देणार? आई केम गावची, शेतकऱ्याघरची. तिची शिस्त तर आणखी कडक. दारातूनच ओरडली, "अगं, बंद कर की! पाणी चाललंय!"

माझा रडवेला चेहरा बघून ती आत आली. तिने बाटलीखाली बादली सरकवली. "आता सांडू दे. वाया जात न्हाय."

आणि खरंच, हात नळाकडे गेला नाही!

सप्टेंबरमध्ये मी तीच बादली घेऊन होडीत चढले. होडीवाला पोट धरून हसला. "ताई, एवढ्या समुद्रात सांडायची भीती?" हसू दे! पाणी मनसोक्त ओसंडलं. एकाही बाटलीत बुडबुडा नव्हता.

प्रयोगशाळेत आकडे बघून मी किंचाळलेच. पावसाळ्यात खोलवरचं, वायूने भरलेलं पाणी वर आलं होतं आणि माझा समुद्र हवेत वायू सोडत होता! तशीच धावत बाहेर येऊन आईला फोन लावला.

"लई भारी," ती म्हणाली. "मग परत घेतो कधी?"

"ते थंडीत कळेल. अजून बऱ्याच फेऱ्या आहेत."

"मग बादली तुझ्या सामानातच राहू दे. आमी भागवतो घरात."