सगळे बसेपर्यंत

सुहासचा फोन आला तेव्हा मी पुण्यात पोळ्या लाटत होते. "ताई, आई गेली गं… उपासनेला जायचं म्हणून साडी नेसून बसल्ती, तशीच." सुहासची आई म्हणजे माझी रूथआत्या. महिना झाला, पण अजून कणिक मळायला घेतली की तो आवाज कानात येतो आणि रडू फुटतं.

जालन्याकडच्या टेंभुर्णीजवळच्या आमच्या गावातलं चर्च एवढंसं, पण त्यात चार पिढ्या एकत्र बसायच्या. घंटा वाजवायचं काम आजोबांचं, गीताला सुरुवात करायचं आजीचं. आजोबा घंटेचा दोर बांधून आत येईपर्यंत आजी पहिल्या गीताची शेवटची ओळ पुन्हा पुन्हा म्हणायची. तिच्यानंतर सूर आत्याकडे आला आणि ही खोडही. मग काय, दारात कुणीही दिसलं की ओळ लांबायची. शेतातून येणारा, लेकराला निजवून येणारी, चपला काढत रेंगाळलेला… सगळे बसले की मगच गाणं संपणार. लग्नानंतर पुण्याच्या चर्चमध्ये पहिल्याच रविवारी मी ती ओळ एकटीच दुसऱ्यांदा म्हणाले, आणि सगळी मंडळी वळून माझ्याकडे बघायला लागली! आत्याला सांगितलं तर हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

गेल्या वर्षी गावच्या चर्चमध्ये कीबोर्ड आला. वाजवायला आत्याचीच नात, एस्थर. पुस्तकात ओळ एकदाच आहे तर एकदाच म्हणायची, असं पाळकसाहेबांनी ठरवलं. त्यांचंही खरं होतं, उपासना फार लांबायची. आत्या भांडली नाही. मला मात्र फोनवर म्हणाली, "मंग उशिरा येणाऱ्यानं काय बाहेरच उभं ऱ्हायचं? आधीच निम्मे बाक रिकामे पडलेत गं…" तिचं ते बोलणं मला फार लागलं.

सुहासचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी आत्याचं दफन होतं. जालन्याच्या पुढे आमची बस बंद पडली. मी धावतपळत पोचले तेव्हा पहिलं गीत संपत आलं होतं. समोर आत्याची शवपेटी दिसली आणि मी दारातच थिजले. एस्थरनं पुस्तकाप्रमाणे शेवटची ओळ एकदा वाजवली, बोटं उचलली… आणि तिला मी दिसले.

तिनं ओळ पुन्हा धरली. पाळकसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि तेही म्हणू लागले. सगळी मंडळी रडत रडत तीच ओळ म्हणत राहिली. आत्याच्या बाकावर तिची जागा मोकळी होती. मी तिथे जाऊन बसले, तेव्हा गाणं संपलं.