हौगांगच्या कॉरिडॉरमधला ट्रम्पेट

पुणं सोडताना माझ्या सामानात दोन अमोल चिजा होत्या: ताईसाठी पाच किलो गोडा मसाला आणि जुन्या बाजारात मिळालेली एक अमेरिकन रेकॉर्ड. मसाल्याच्या वासाने विमानातली निम्मी माणसं जेवणाआधीच ढेकर देऊन मोकळी झाली. रेकॉर्ड मात्र मी मांडीवर धरून आणली. तिच्यावर माझी अब्रू होती.

माझी भाची इरा चौदा वर्षांची. सिंहगडावर मी बिबट्याला पिठलं-भाकरी खायला शिकवलं, ही माझी हकिगत तिने गेल्या वर्षी तिच्या वर्गात सांगितली. वर्ग आठवडाभर हसला. तेव्हापासून मी ‘आज सोमवार’ म्हटलं तरी पोरगी कॅलेंडर बघते.

बुकित पंजांगला ताईच्या घरी पोचायला जरा उशीर झाला. तिथली एलआरटी (बिनड्रायव्हरची छोटी गाडी) गोल फिरते, हे मला तिसऱ्या फेरीत कळलं. दुपारी भावोजींनी हॉकर सेंटरमध्ये (खाऊच्या टपऱ्यांचा मांडव) कॅरट केक खिलवला. त्यात गाजर नाही, केकही नाही. अंड्यात परतलेल्या मुळ्याच्या वड्या. चव मात्र अशी, की मी तीन बशा संपवल्या. हे लोक थाप पाटीवर रंगवतात, आणि थापाड्या म्हणे मी.

तिथेच मी रेकॉर्डची गोष्ट काढली. गाणं रेकॉर्ड केलं ती फर्निचरच्या दुकानामागची खोली, सगळ्यांत मिळून एकच माइक. ट्रम्पेटवाला इतका दणकट, की त्याला बाहेर कॉरिडॉरमध्ये उभं करून दार उघडं ठेवलेलं. शेवटच्या कडव्यात झाडूवाल्या बाईने जाता जाता ते दार लावून टाकलं. ट्रम्पेट कोंडला, गायिकेला हसू फुटलं, पण ती थांबली नाही. तेच गाणं छापलं आणि गाजलं.

इरा म्हणाली, “मामा, त्यांनी व्हॉल्यूम कमी केला, लाह.” (‘लाह’ हे तिथल्या बोलण्याचं शेपूट.)

भावोजी अकाउंटंट, पुराव्याशिवाय त्यांना भूकही लागत नाही. रविवारी सकाळी त्यांनी आम्हाला हौगांगला कोह अंकलकडे नेलं. अंकल त्यांचे जुने सहकारी, तरुणपणी हॉटेलच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. त्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेअर होता.

अंकलनी शेवटचं कडवं दोनदा ऐकलं. गोष्ट मला रेकॉर्ड विकणाऱ्याने सांगितली होती, आणि तो माझाच भाऊबंद असला तर?

अंकल उठले, पेटीतून ट्रम्पेट काढला आणि कॉरिडॉरमध्ये गेले. इराला म्हणाले, “दाराजवळ थांब. मी मान हलवली की लाव.”

आठव्या मजल्यावर तो सूर असा फुटला, की समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले शर्ट ताठ झाले. अंकलनी मान हलवली. इराने दार लावलं.

सुराची धार गेली, नुसती घुमघुम उरली. रेकॉर्डवर होती तीच. आणि दाराला पाठ लावून इरा हसली, अगदी त्या गायिकेसारखी, न ठरवता.

दार उघडलं तर शेजारी टाळ्या वाजवत होते. चार होते. पुण्यात मी चारशे सांगतो.

चांगी विमानतळावर इरा म्हणाली, “मामा, सोमवारी ही गोष्ट वर्गात सांगणार.” मी म्हटलं, हसले तर?

“वर्गाला पण दार आहे. लावून दाखवीन.”

यंदा परतताना मांडी रिकामी होती. रेकॉर्ड तिच्याकडेच राहिली, आणि माझी अब्रूही.