दाजींच्या गाडीतला पांढरा उजेड

अंधाराशी जन्मभर उभं वैर धरलेला माणूस बघायचा असेल, तर परंड्याला जाऊन आमच्या दाजींना बघावं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. हा गृहस्थ भर दुपारी सदऱ्याच्या खिशात टॉर्च घालून बाजारात जायचा आणि कुणी हसलंच तर म्हणायचा, "दिवस काय कुणी लिहून दिलाय व्हय? मावळला मजी?" घरात दिवा कुठं नव्हता ते विचारा! कपाटात दिवा, माळ्यावर दिवा, चपला काढायच्या जागी दिवा. गोठ्यातल्या म्हशीच्या डोक्यावर तर असला लखलखीत दिवा की ती बिचारी धार काढताना डोळे मिटून उभी राहायची. फ्रिजचं दार लावल्यावर आतला दिवा खरंच विझतो का, या काळजीपायी त्यांनी एक अख्खा रविवार घालवला. शेवटी अक्का वैतागून म्हणाली, "आत बसून बघता का?" तर हे खरंच आतले कप्पे काढायला लागले. दिवाळीच्या तोंडावर मला बळंच तेरखेड्याला फटाके आणायला घेऊन जायचे. दुकानदार हौसेनं सुतळी बॉम्ब पुढं करायचा आणि दाजी हात जोडून म्हणायचे, "आवाज आमच्या घरात लई हाय. उजेडाचं काय असंल ते दाखवा." मग फुलबाज्या, भुईचक्र, झाडं यांचे पुडे गाडीत भरायचे आणि परतीच्या वाटेवर त्यातले निम्मे माझ्या मांडीवर असायचे.

दाजींचं कापडाचं दुकान होतं. तिथंही हाच कारभार. गिऱ्हाइकानं साडी पसंत केली, गडी घडी घालायला बसला, की दाजी गल्ल्यावरून ओरडायचे, "थांब रं! बाईंना उन्हात दाखव आधी." मग ती साडी, ती बाई, तिची सासू अशी सगळी वरात पायरीवर जायची. तिथं जांभळी म्हणून घेतलेली साडी तपकिरी निघायची आणि सौदा मोडायचा. मी एकदा चिडून म्हटलं, "दाजी, अशानं दुकान चालायचं कसं?" तर म्हणाले, "पाव्हणं, घरी गेल्यावर बाईला रंग कळणारच हाय. तवा ती मला काय म्हणंल?" दुकान मात्र चांगलं चाललं, हे मला कबूल करावं लागतं.

अशा माणसाची गाडी मात्र अंधारी होती. जुनी घेतलेली. छताला एक पिवळा मिणमिणता दिवा, त्याच्या उजेडात आत माणूस आहे एवढं कळायचं, कोण आहे ते आवाजावरून ओळखायचं. त्यात दाजींची दुसरी खोड म्हणजे निघायची. सास्तूरला आमच्याकडं आले की सकाळी चहाच्या कपाबरोबर "चला, निघू" सुरू व्हायचं. जेवताना "निघू", वामकुक्षीआधी "निघू", आणि प्रत्यक्षात गाडीला किल्ली लागायची दिवेलागणीला. अक्काचे गुडघे दुखायचे म्हणून ती आधीच गाडीत जाऊन बसायची. मग घरच्या आणि शेजारच्या बायका कुंकवाचा करंडा घेऊन गाडीच्या दारापाशी जमायच्या. माहेरवाशीण निघताना तिला कुंकू लावायचं, तिनं उलट यांना लावायचं, ही आमच्याकडची रीतच. अक्का त्या अरुंद दारातून हात बाहेर काढून एकेकीचं कपाळ गाठायची.

एका नागपंचमीला या रीतीनंच घात केला. साखरेच्या आजारानं अक्काची नजर तोवर बरीच उणावली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आहे तेवढी नजर सांभाळा. त्या संध्याकाळी आमच्या धाकट्या काकू कडक भाकरीचं गठुडं द्यायला म्हणून दारातून आत वाकल्या. काका भूकंपात गेले, तेव्हापासून काकूंचं कपाळ मोकळं. अक्काला ती माझी बायकोच वाटली. तिनं चिमूट उचलली आणि काकूंच्या कपाळावर टेकवली. शेजारची म्हातारी किंचाळली, "अगं काय केलंस हे!" काकूंनी पदरानं कपाळ खसाखसा पुसलं, गठुडं सीटवर टाकलं आणि घरात निघून गेल्या. अक्का त्या मिणमिणत्या दिव्याखाली दोन्ही हात मांडीवर उलटे टाकून रडत बसली. त्या दिवसापासून तिनं माहेर बंद केलं. फोनवर बोलावलं की म्हणायची, "नगं रं बाबा. माझ्या हातानं आनी कुणाचं काय व्हईल, न्हाय सांगता येत." काकू तर तिच्या फोनलाही येईनात. त्यांना राग नव्हता, शरम वाटत होती, आणि ती कशाची ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

दाजींनी या सगळ्याचा दोष कुणाला द्यावा? गाडीतल्या पिवळ्या बल्बला. "सगळी करणी त्या भाड्याची हाय," म्हणाले आणि पांढरा एलईडी बसवायचा चंग बांधला. अक्काला पुन्हा माहेरी न्यायची, एवढा एकच ध्यास. पहिला आणला तो निळसर निघाला. त्याच्या उजेडात दाजी स्वतःच इतके भेसूर दिसले की आरशात बघून दचकले. दुसरा शुभ्र मिळाला, पण बसवला तरी पेटेना. झाकण काढ, घाल, पुन्हा काढ, असं करता करता नखं तुटली, छताचं कापड फाटलं. शेवटी गॅरेजवाल्याकडं गेले. तो म्हणाला, "दाजी, उलटा बसलाय. फिरवून घाला." दाजी थक्क! "बल्बाला बी उलट-सुलट असतंय?" "साध्याला न्हाय. एलईडीला असतंय." पुढं महिनाभर भेटेल त्याला दाजी ही हकिगत ऐकवत होते: "मेल्याला मान पायजे, जावयासारखा. तोंड बघूनच बसतोय."

मग परीक्षा सुरू झाली. दुकानातल्या साड्या गाडीत नेऊन खरा रंग दिसतो का ते बघितलं. एकावर भागेना म्हणून दाराशी, पायाशी, मागच्या काचेपाशी दिव्यांच्या पट्ट्या लावल्या. संध्याकाळ झाली की अक्काला गाडीत बसवायचे आणि गल्लीतल्या बायकांना एकेक करून दारात उभं करायचे. "बोलायचं न्हाय हं कुणी! सांग, ही कोण?" अक्का डोळे बारीक करून सांगायची, "वाण्याची सून." "अन् ही?" "तिची जाऊ." बायकांना हा खेळ एवढा आवडला की स्वयंपाक टाकून यायला लागल्या. एकदा दाजींनी स्वतःच डोक्यावर पदर घेऊन मुंडकं आत घातलं. अक्का म्हणाली, "ह्या बाईला मिशा हायेत." पंचमीनंतर ती पहिल्यांदाच अशी खळखळून हसली, असं दाजींनी मला फोन करून सांगितलं.

त्या वर्षी भाऊबीजेला अक्का आली. मला ओवाळलं, गोडधोड झालं, दाजींचं "निघू" दिवसभर चाललं. काकू चुलीपुढून हलल्या नाहीत. अक्काही चुलीकडं फिरकली नाही. दिवेलागणीला अक्का गाडीत बसली आणि दाजींनी बटण दाबलं. काय सांगू, गाडीत दुपार झाली! माझे पांढरे केस, बायकोच्या पदराला लागलेलं तेल, सगळं उघडं पडलं. अक्कानं बायकोला कुंकू लावलं, शेजारणींना लावलं. मग करंडा हातातच ठेवून तिनं दाराकडं बघितलं.

"काकू कुठायत?"

काकू उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. "हाय की हितं. जा सुखानं."

"या हिकडं."

त्या आल्या, पण दोन हात लांबच थांबल्या. अक्कानं चिमूट उचलली तशी शेजारची म्हातारी पुन्हा ओरडली, "अगं, काकू हाय ती!"

"व्हय," अक्का म्हणाली, "मला दिसतंय की. कपाळावरचं गोंदण बी दिसतंय. या काकू, वाका."

दाजींनी दार पुरतं उघडं धरलं. काकूंनी माझ्याकडं बघितलं, मग डोकं गाडीत घातलं, आणि अक्कानं गोंदणावर सावकाश कुंकू टेकवलं. काकू बाहेर आल्या तेव्हा त्यांचा हात पदर घेऊन कपाळाकडं गेला होता. तो तिथंच थांबला आणि पुसायचं राहिलं.

पुढं गंमत अशी झाली की एवढा वेळ सगळ्या पट्ट्या पेटून जुनी बॅटरी उतरली आणि गाडी सुरूच होईना. मग आम्हीच सगळ्यांनी ती ढकलली. काकूही पदर खोचून आल्या. दाजी आतून "अजून थोडं! अजून थोडं!" करत होते.

आता दाजींनी गाडी चालवायची सोडली, अक्काची नजरही पुरती गेली. ती दोघं आता येत नाहीत, आम्हीच परंड्याला जातो. पण मला आठवते ती तीच संध्याकाळ. गाडीनं धक्का घेतला, रस्त्याला लागली, तरी दाजींनी आतला दिवा काही मालवला नाही. सगळा माळ काळवंडला होता आणि त्यातून ती दोघं उजेडात बसून चालली होती. आम्ही घराकडं वळलो. काकू तेवढ्या मागं राहिल्या. मी हाक मारली, तर मान न वळवता म्हणाल्या, "थांब रं जरा. दिसत्यात अजून."