ताईपासून लपवलेले अकरा आठवडे

माझी बहीण आता फार दिवसांची सोबती नाही, हे तिला कळण्याच्या अकरा आठवडे आधी मला कळलं होतं. नाशिकच्या एका हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, सकाळी अकराच्या सुमारास. ताई आत तपासणीच्या खोलीत साडी नीट करत होती आणि डॉक्टरांनी मला हाताला धरून दोन पावलं बाजूला नेलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, यकृतात पसरला आहे, आता काढून टाकण्यासारखा राहिलेला नाही. काविळीसाठी पित्तनलिकेत नळी टाकू, त्यानं थोडे दिवस बरं वाटेल... तीन महिने, फार तर चार. एवढं सांगून त्यांनी विचारलं, "त्यांना तुम्ही सांगता, की मी सांगू?" मी म्हणालो, मी सांगतो. दार उघडून ताई बाहेर आली, पर्स खांद्याला लावत म्हणाली, "काय रे, काय म्हणतायत?" आणि मी म्हणालो, "पित्ताचा खडा अडकलाय. नळी टाकून मोकळं करतील." तिनं मान हलवली. पुढे काही विचारलं नाही, कारण मी तीस वर्षं औषधाचं दुकान चालवलेलं. आमच्या घरातली सगळी आजारपणं माझ्याकडे आणि सगळी माणसं तिच्याकडे, अशी आमची पहिल्यापासूनची वाटणी होती.

सुलभाताई देवळाली कॅम्पात समुपदेशन करायची. तिला ओळखणाऱ्या पुष्कळांनी गेल्या महिन्यात तिच्यावर लिहिलं आहे, चांगलं लिहिलं आहे. मी हे कुणाच्या सांगण्यावरून लिहितो आहे, ते पुढे येईल. ताई आधी शाळेत शिक्षिका होती. लष्करातल्या लोकांची मुलं दर दोन-तीन वर्षांनी बदली झाली की शाळा सोडून जायची. निरोपाच्या दिवशी काही मुलं रडायची, काही बेंचवर रेघोट्या मारत बसायची. न रडणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते, असं ती म्हणायची. चाळिशीत तिनं नोकरी सोडली, पुन्हा कॉलेजात जाऊन मानसशास्त्र शिकली आणि बाजाराच्या मागे एका शिंप्याच्या दुकानावरची खोली घेतली. दोन वेताच्या खुर्च्या, खाली सतरंजी, पाण्याचा माठ. टेबल नव्हतंच. मधे टेबल आलं की माणूस अर्ज द्यायला आल्यासारखा बोलतो, असं तिचं म्हणणं होतं.

मला तिचं काम कळायचं नाही, आणि मी ते तिला बोलूनही दाखवायचो. एकदा मी तिला न्यायला गेलो असताना नांदगावकडचे एक निवृत्त सुभेदार जिन्यातच तिच्याशी बोलत होते. बायको दोन महिने अबोला धरून होती, आताही ती वर खोलीतच बसली होती. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही फक्त काय करायचं ते सांगा. मी करून टाकतो." ताई म्हणाली, ते मला येत नाही, पण तुम्ही मघाशी आत बोलत असताना त्यांनी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं, ते तुम्हाला दिसलं का? सुभेदार कठड्याला धरून वळले. मग पुन्हा वर गेले. मी गाडीत हसून म्हणालो, ताई, तू काहीच देत नाहीस आणि लोक तरी परत येतात. ती म्हणाली, "तू गोळी देतोस. मी बसते त्यांच्याबरोबर. ही बाई मधेच उठून जाणार नाही एवढी खात्री पटली, की पुढचं पुष्कळसं ते स्वतःच करतात. त्यांचं आयुष्य त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं रे."

हे ती नुसतं म्हणत नव्हती. एका बाईंचं बोलणं ऐकताना तिचं लक्ष दुसरीकडे गेलं, तर तिनं तिथल्या तिथे सांगून टाकलं की मघाशी माझं लक्ष नव्हतं, चूक झाली, ते पुन्हा सांगाल का. त्या बाई रडायला लागल्या. पन्नास वर्षांत त्यांची अशी माफी कुणी मागितली नव्हती. ही गोष्ट त्या बाईंनीच मला शोकसभेत सांगितली.

तर अशा बाईपासून मी तिचंच मरण लपवलं. बायकोला, सुनीताला, मी सांगितलं होतं. ती म्हणाली, सांगू या, ताईंना चालेल. मी म्हणालो, ती खचेल. खरं म्हणजे मी खचलो होतो आणि ते तिच्या नावावर टाकत होतो, पण हे कळायला मला फार उशीर झाला. नळी टाकल्यावर कावीळ उतरली, जेवण जायला लागलं, आणि तिसऱ्या आठवड्यात ताई पुन्हा कॅम्पातल्या खोलीवर जाऊ लागली. एका संध्याकाळी आमच्याकडे आली, ती खुशीत. कुणाचं नाव ती कधीच सांगायची नाही. एवढंच म्हणाली की एक मुलगी आली आहे, काम लांबचं आहे, वर्ष तरी लागेल, आजारपणानंतर एवढं अंगावर घ्यावं की नाही याचा विचार करते आहे. आणि मग मला विचारलं, "तुला काय वाटतं? झेपेल मला?"

मी तिच्यासाठी गोळ्यांची पट्टी कात्रीनं कापत होतो. मान वर न करता म्हणालो, "घे की. आता बरी आहेस तू."

त्यानंतर तिची पाठ दुखायला लागली, ब्लाउज सैल झाले, गालांची हाडं वर आली. एकदा तिनं फाइल मागितली. मी म्हणालो, डॉक्टरांकडे आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. त्या नजरेत संशय नव्हता, काळजी होती, आणि ती कशाची ते मला तेव्हा कळलं नाही. पुढच्या रविवारी तिनं सुनीताला एकटीला गाठून, तुमच्या दोघांचं बरं चाललंय ना, असं विचारलं. सुनीता हो म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली.

अकराव्या आठवड्यात कावीळ उलटली, ताप चढला, हॉस्पिटलात न्यावं लागलं. एक तरुण डॉक्टर कागद घेऊन आले. चांगला मुलगा होता, त्याची काही चूक नाही. त्यानं नाव विचारलं, वय विचारलं, आणि त्याच सुरात विचारलं, "कॅन्सरचं निदान कधी झालं, मावशी?" ताईनं माझ्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "ते यांना विचारा." मला ती आयुष्यात कधी 'यांना' म्हणाली नव्हती.

डॉक्टर गेल्यावर तिनं किती दिवस झाले ते विचारलं. मी सांगितलं. ती बोटांवर काहीतरी मोजत होती. मला वाटलं, स्वतःचे उरलेले दिवस मोजते आहे. पण ती म्हणाली, "म्हणजे ती मुलगी आली, मी तुला विचारलं, तेव्हा तुला माहीत होतं." मी मान खाली घातली. "तिला मी शब्द दिलाय, की न सांगता जाणार नाही. तेवढं एकच मागितलं होतं तिनं." मी म्हणालो, ताई, तू खचशील असं वाटलं गं. त्यावर ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो. "बावीस वर्षं माणसं माझ्यासमोर खचत होती, अवी. त्यातल्या एकालाही मी कमी लेखलं नाही. तू मला लेखलंस. तू काहीतरी दडवतोयस हे दिसत होतं मला. वाटलं, तुझं आणि सुनीताचं काहीतरी बिनसलंय, तुला सांगवत नाहीये. थांबले मी तुझ्यासाठी. आणि थांबायला माझ्याकडे दिवसच नव्हते." मी रडायला लागलो. ती म्हणाली, "तुझं रडणं बघायला मला आता वेळ नाही. फोन घे."

तिच्याकडे त्या वेळी चौदा जण येत होते. ती नंबर सांगत होती आणि मी लावून देत होतो. तिला ग्लानी येत होती, मधेच शब्द सापडत नव्हता. पण प्रत्येकाला तिनं स्वतः सांगितलं, मी जाते आहे, आपलं काम अर्धं राहिलं, तुम्ही कुठवर आला आहात ते मला असं असं दिसतं. नऊ जणांशी बोलणं झालं. काही जण येऊन भेटून गेले. मला मात्र तिनं त्या दोन दिवसांत नंबरांपलीकडे एक शब्दही बोलायची संधी दिली नाही. त्या मुलीचा फोन लागत नव्हता. तिला मी इथे रेखा म्हणतो. ती देवळा तालुक्यातली, नाशिकला नर्सिंग शिकणारी, आणि त्या आठवड्यात पेठच्या पुढे डोंगरातल्या एका आरोग्य केंद्रावर तिची नेमणूक होती. तिथे रेंज नाही. ताई दर तासाला विचारायची, लागला का? तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं विचारलं नाही. हाक मारली तर डोळे उघडले, पण त्या डोळ्यांत मी नव्हतो.

रेखा चौथ्या दिवशी आली. घाटात कुठेतरी रेंज मिळाल्यावर तिला माझा निरोप मिळाला होता, आणि तशीच ती युनिफॉर्मवर आली होती. खोलीत आमचे नातेवाईक होते, ताईच्या शाळेतल्या दोन मैत्रिणी होत्या. ती पलंगाजवळ उभी राहिली, ताईची नाडी बघितली, आणि सवयीनं पायाशी लटकवलेली फाइल उघडली. तिला ती वाचता येत होती. निदानाची तारीख तिनं दोनदा वाचली असावी. मग मला विचारलं, "यांना तेव्हापासून माहीत होतं?"

खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "हो."

एवढा एक शब्द. 'नाही' म्हटलं असतं तर मग सगळंच सांगावं लागलं असतं, सगळ्यांसमोर. रेखानं फाइल होती तशी लटकवली, ताईच्या अंगावरची चादर सारखी केली आणि निघून गेली. ताईचे डोळे मिटलेले होते. तिला ऐकू गेलं का, हे मी नंतर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, नसावं... पण खात्रीनं सांगता येत नाही. दोन दिवसांनी ताई गेली.

शोकसभेत मी बोललो. ताईनं आजाराला हसतमुखानं तोंड दिलं, शेवटपर्यंत काम केलं, असं म्हणालो. टाळ्या वाजवायची ती जागा नव्हती, तरी दोघा-चौघांनी वाजवल्या.

महिन्याभरानं खोली रिकामी करायला मी कॅम्पात गेलो. गुरुवार होता. पुस्तकं खोक्यात भरत होतो, आणि चारच्या सुमारास जिन्यात पावलं वाजली. रेखा दारात उभी होती. म्हणाली, "मला वाटलं, बंद असेल. दर गुरुवारी चारला यायचे मी. बघून जावं म्हटलं." ती जायला वळली, आणि तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघालं. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. व्हरांडा, पित्ताचा खडा, कात्रीनं कापलेली गोळ्यांची पट्टी, शेवटचे फोन, दर तासाला 'लागला का?', आणि तो 'हो'. ती ऐकत ऐकत आत आली आणि तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसली.

मग ती तिचं सांगू लागली, आवाज न चढवता. ती नऊ वर्षांची असताना तिच्या आईला एका दुपारी जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. आई मामाकडे गेलीय, असं घरच्यांनी सांगितलं. ही दोन महिने रोज शाळेतून परस्पर एसटी स्टँडवर जायची. मामाकडची गाडी साडेपाचला यायची. आई दुसऱ्याच दिवशी वारली होती, आणि हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. स्टँडवरचा भेळवालासुद्धा हिला फुकट भेळ द्यायचा. तो का देतो, ते हिला कळायचं नाही. "गेला महिनाभर," ती म्हणाली, "मी मॅडमना शिव्या देत होते. सकाळी उठल्यापासून. त्यासुद्धा तशाच निघाल्या म्हणून. तुम्ही मला ते करायला लावलंत."

मी माफी मागितली. ती म्हणाली, ते मला नको. पेपरात त्यांच्याबद्दल किती छान छान येतंय, त्यात हे लिहा. खरं लिहा. माझंही लिहा, नाव सोडून. मी हो म्हणालो. तिनं माझ्याकडे असं बघितलं, की या माणसाच्या 'हो'चं काय करायचं हे तिला ठरवता येत नव्हतं.

उठताना तिनं विचारलं, पुढच्या गुरुवारी खोली उघडी असेल का. क्षणभर वाटलं, असेल म्हणावं. मग म्हणालो, नाही, शनिवारी किल्ली परत द्यायची आहे, यानंतर मी इथे येणार नाही. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत," आणि जिना उतरून गेली.

खुर्च्या ताईच्या शाळेला दिल्या. सतरंजी तेवढी घरी आणली. ती अंथरली तेव्हा दिसलं, खुर्च्यांच्या पायांच्या आठ खळग्या तिच्यात पडल्या आहेत. चार चार. दोन्ही खुर्च्या समोरासमोर नव्हत्या, किंचित तिरक्या, खिडकीकडे वळलेल्या होत्या. बावीस वर्षांत ताईनं त्या जागेवरून हलवलेल्या दिसत नाहीत. सुनीता म्हणाली, धुऊन उन्हात टाकली की जाईल. दोनदा धुतली, गच्चीवर कडक उन्हात दिवस दिवस टाकली. खळग्या तशाच आहेत. जेवायला बसताना त्यांच्यावर ताट ठेवलं की ते डुगडुगतं, म्हणून आम्ही आता जरा बाजूला सरकून बसतो.