गच्चीवरची साडी

माझी पत्नी ज्या दिवशी गेली, त्या दिवशी सकाळी तिने गच्चीवर कुंड्यांवर साडी बांधली होती.

साडी राणी रंगाची, पॉलिस्टरची. नागपूरच्या उन्हात झाडं करपू नयेत म्हणून दर उन्हाळ्यात ती एखादी जुनी साडी सळयांना ताणून बांधायची आणि पाऊस लागला की सोडायची. त्या वर्षी मी ती सोडली नाही. पुढच्या वर्षीही नाही. गाठी तिच्या हातच्या होत्या.

यंदा माझी भाची सावनेरहून आली. ती कॉलेजात पर्यावरण शिकते. हवेतून खाली काय पडतं ते पाहण्यासाठी तिने आमच्या गच्चीवर काचेची बशी ठेवली, आठवड्याने नेली आणि मला प्रयोगशाळेत बोलावलं.

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काळसर धुळीत एक धागा होता, केसाहून बारीक, किंचित वळलेला, राणी रंगाचा. त्याच्या पलीकडे एक निळा, एक हिरवा, काही बिनरंगी. वाचता वाचता खिडकीतल्या तिरिपेत तरंगणारे कण मी आयुष्यभर पाहिले होते. त्यांना मी धूळ म्हणत आलो होतो.

"निळा कोणाचा?" मी विचारलं.

"त्याले काय आधार कार्ड असते का, मामाजी? कोणाचा शर्ट, कोणाची ताडपत्री, कळमन्याच्या बाजारातलं कांद्याचं पोतं. सारं प्लास्टिकच, उन्हानं झिजते अन् हवेत जाते. आपण तेच श्वासात घेऊन राहिलो." मग ती हळू बोलली, "राणी कलरचा मात्र मामीच्या साडीचा आहे. सोडा आता ती. रोज थोडी थोडी उडून राहिली ती."

"गाठी तिच्या आहेत."

"मले माहीत आहे."

मी पुन्हा डोळा लावला. भीती वाटायला हवी होती, पण आधी नवलच वाटलं. दोन वर्षं ती साडी आमच्या गच्चीवरून निघून गावभर जात होती. ओळखपाळख नसलेल्या माणसांच्या छातीत, माझ्याही. मग शेजारच्या घरातलं, नुकतंच रांगू लागलेलं बाळ आठवलं.

संध्याकाळी मी गच्चीवर गेलो. धागे उडू नयेत म्हणून भाचीने सांगितल्याप्रमाणे साडीवर आधी पाणी शिंपडलं. तरी हात लावताच कापडाचा भुगा झाला; तो ओलाच गोळा करून पिशवीत बांधला. गाठी मी सोडल्या नाहीत, सळयांवरून तशाच सरकवून काढल्या. त्यांच्या आत ऊन पोचलं नव्हतं. घड्यांमधला रंग दुकानातून आणल्यासारखा होता.

त्या गाठी आता काचेच्या बरणीत आहेत, झाकण लावून. उडून गेलेली साडी हवेत आहे.