पाढ्याला गोल करायला लागतो

शाळेतले किस्से जमवायला लागत नाहीत. खडूच्या भुकटीसारखे ते आपोआप पर्समध्ये, पदरात, केसांत जाऊन बसतात. महाड-पोलादपूर एसटीत आम्ही चार मास्तरणी शेजारी बसलो की कुणीतरी नुसती पर्स झटकायचा अवकाश, पार स्टॅंड येईपर्यंत कंडक्टरसुद्धा तिकिटं फाडायची विसरतो!

तर सुरुवात माझ्या मूर्खपणापासून.

महाडला मे महिन्यात आमचं ट्रेनिंग होतं. उकाडा असा की साडी पाठीला चिकटलेली. डोक्यावरचा पंखा बंद. तो लावा असं सांगायला मी हात वर केला. नेमकं त्याच वेळी साहेबांनी विचारलं होतं, "तुमच्यापैकी गाता कुणाला येतं?"

अख्ख्या हॉलमध्ये एकच हात वर. माझा!

टाळ्या वाजल्या. आता "साहेब, पंखा" असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? मी उभी राहून नमस्कार केला. संध्याकाळपर्यंत मी आमच्या केंद्राची 'गाण्यातून शिक्षण'वाली बाई झाले होते. आणि पंखा शेवटपर्यंत कुणी लावला नाही.

घरी आल्यावर मिस्टरांना सांगितलं. ते एमआयडीसीत मशीनवर असतात, आवाजाची सवय आहे. शांतपणे म्हणाले, "म्हण की. फक्त घरी म्हणशील तेव्हा मिक्सर लावून म्हण."

*

आमची शाळा उमरठच्या वर, डोंगरातल्या एका वाडीत. शिक्षक दोन. मोठे गुरुजी आणि मी. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी त्यांच्याकडे, मध्ये एक पत्र्याचं पार्टिशन.

जूनमध्ये पहिल्याच दिवशी मी बाराखडीला चाल लावली. डोळे मिटले, हात पसरले आणि सुरू झाले. वर्ग चिडीचूप! मला वाटलं, पोरं रंगली.

डोळे उघडले तर दारात धोंडूबाबा. हातात काठी, धापा टाकतायत. शाळेमागच्या माळावर त्यांच्या शेळ्या चरायच्या.

"काय झालं, बाबा?"

"तुमालाच इचारायला आलोय. मला वाटलं शेळी कड्यावरनं पडली!"

मी म्हटलं, "गात होते मी."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, पोरांकडे बघितलं. "बरं," म्हणाले. मग जाता जाता थांबले. पहिल्या रांगेत त्यांची नात बसली होती, सुली. आईबाप मुंबईला, पोर आजोबांकडे.

"बाय, ही घरात बोलते. शेळ्यांशी बोलते. बालवाडीत वर्सभर तोंड उघाडलं नाय. हितं पण तसंच केलान तर दिवाळीनंतर मी हिला शेळ्यांमागं धाडनार. तितं बोलायला लागत नाय."

मी एकदम जोशात म्हणाले, "बाबा, दिवाळीच्या आत बोलती करते! गाण्याने!"

मागून दगडू म्हणाला, "बाय, परत गानार हाव काय?" दगडू म्हणजे दुसरीतलं आमचं वर्तमानपत्र. विचारल्याशिवाय छापतो.

*

झालं, मी पेटलेच! सगळ्याला गाणं. हजेरी गाऊन. पाणी प्यायला जायचं तर पाण्याचं गाणं. चपला ओळीत लावायच्या तर चपलांचं गाणं. प्रार्थनेपासून घंटेपर्यंत माझं तोंड बंद नाही.

हजेरीला मी नाव गायचे, पोरांनी "हाऽजर बाऽऽय" असं सुरात म्हणायचं. सुलीचं नाव आलं की ती काही म्हणायची नाही. पण एक दिवस तिने टाळी वाजवली. नेमकी ठेक्यावर! मी धावत पार्टिशनच्या पलीकडे.

"गुरुजी! सुलीने टाळी वाजवली!"

गुरुजींनी फळ्यावरचं गणित पूर्ण केलं, मग वळले. "बाई, बाबांनी बोलायचं सांगितलंय. टाळी शेळ्यांमागे पण वाजवता येते."

मनातून मीही हादरले. पोरगी हुशार होती हो! पाटीवर अक्षरं अशी काढायची की बघत राहावं. आणि ती डोंगरात शेळ्यांमागे जाऊन बसणार!

*

गणपतीला मुंबईकर आले ते एक पेटी घेऊन आले. कोकण रेल्वे नवी नवी होती. वीर स्टेशनात पेटी उतरली, तिथून रिक्षाने, मग जीपने आणि शेवटी डोक्यावरून चढ चढून शाळेत. नारळ फोडला, हार घातला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मला पेटीतलं ओ की ठो कळत नव्हतं! गुरुजी पुढे झाले. "मी सूर देतो." एका हाताने भाता, दुसऱ्या हाताचं एक बोट एका पट्टीवर. अख्खं गाणं संपलं तरी बोट तिथंच!

दगडूने हात वर केला. "गुरुजी, बाकीची बटनं बिघडलीत काय?"

गुरुजींनी बोट न उचलता सांगितलं, "ती पुढच्या यत्तेला."

*

त्याच गणपतीत मला साक्षात्कार झाला! आमच्याकडे जाखडी नाचतात. मध्ये गाणारा आणि ढोलकीवाला, भोवती पोरं गोल धरून, पायात घुंगरू बांधून. बघते तर काय, ज्यांना पाचचा पाढा येत नव्हता त्यांना जाखडीची वीस-वीस कडवी पाठ!

दुसऱ्या दिवशी पाढा जाखडीवर बसवला. पाच एके पाच, डावा पाय. पाच दुणे दहा, उजवा पाय. पाच त्रिक पंधरा, गिरकी! आठवड्यात पाचाचा, सहाचा, साताचा पाढा पाठ! पलीकडून गुरुजी ओरडायचे, "बाई, सातावर कौलं हलतात, सहावरच थांबा!"

आणि मग केंद्रप्रमुख साहेब आले. न सांगता. दगडूला उभा केला.

"पाच सक?"

दगडू वर बघून कौलं मोजायला लागला.

"अरे, पाढा येतो ना?"

"येतो की! पन एकट्यानं नाय येत, साहेब. गोल करायला लागतो."

"कर मग."

पोरांनी गोल केला. दोन पोरं तापाने घरी होती, त्यामुळे एका बाजूला फट राहिली. दगडूने साहेबांकडे बघितलं. "साहेब, जरा उभं ऱ्हाता काय? फट पडली तर गिरकी मोडते."

साहेबांनी बूट काढले! पँट वर सरकवली! पाच एके पाचपासून सुरुवात झाली, पाच सकला गिरकी घेऊन अख्खा गोल धप्पकन खाली आला आणि साहेबांसकट सगळे ओरडले, "तीऽऽस!"

गोलात सुलीही होती. पाय एकही चुकला नाही. तोंड बंद.

साहेबांनी बूट घालताना शेरा सांगितला, "अध्यापन उत्तम. कौलं तपासून घ्या."

*

दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी माझा घसा पार बसला. महिनोन् महिने ओरडल्याचं फळ. सकाळी उठले तर आवाजच नाही! नुसती हवा. हजेरी खुणांनी घेतली. पाण्याचं गाणं नाही, चपलांचं गाणं नाही. वर्गात इतकी शांतता की गुरुजी पार्टिशनवरून डोकावून गेले, "बाई, आहात ना?"

दुपारी दारात धोंडूबाबा. "बाय, बोलली काय सुली?"

मी काय सांगणार? सांगायलाही आवाज नव्हता. नुसती मान खाली घातली.

बाबांनी सुस्कारा सोडला. "चल गो सुले. दप्तर घे."

सुली उठली. दप्तर घेतलं नाही. माझ्या टेबलाजवळ आली आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"बाय, दगडूनं माजी पेन्सिल खाल्लान."

दगडूचं तोंड उघडं.

"जूनमदी पन खाल्लान हुती. मंग माज्या चपला तुमी गानं बोलत असताना पाण्यात टाकलान. पेटीत काजू पन लपवलान. साहेब आले तवा ह्यो मुद्दाम इसरला, त्याला पाच सक येतंय. आनि बाय, बाराखडीत तुमी रोज एक अक्षर गाळता."

थांबेचना! जूनपासूनची सगळी तुंबलेली बातमीपत्रं. गुरुजी आपला वर्ग सोडून दारात येऊन उभे. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

धोंडूबाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि काठी उचलली. "ऱ्हाऊ दे हिला हितंच, बाय. घरात पन हेच चालू असतं. जरा शेळ्यांना तरी आराम." आणि निघून गेले.

मी सुलीला जवळ ओढलं. उरलीसुरली हवा गोळा करून विचारलं, "अगो, मग इतके महिने का नाही बोललीस?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं.

"तुमी गात हुतात. मदीच कसं बोलायचं?"